एक सीट कमी

८ ऑक्टोबर

शेंडेफळास,

फोनवर जे बोलता येत नाही ते लिहिते आहे. फोन बाबांच्या खुर्चीला खेटून आहे आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. परवा तू विचारलंस, ताई, आवाज असा का येतोय? तेव्हा ते माझ्याकडेच बघत बसले होते. मी म्हटलं, घसा बसलाय. घशाला काहीही झालेलं नाही.

सरळच सांगते. आई गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बाबांचं सगळं मी बघतेय, आणि आता माझ्याच्याने होत नाही. रागाने लिहीत नाहीये, राग यायलाही अंगात जोर लागतो. दुकानात पडदे शिवता शिवता माझा डोळा लागतो. परवा मालक म्हणाले, बाई, पडदा खिडकीला लावायचाय, तुम्हाला पांघरायला नाही दिलेला. सगळे हसले, मीही हसले. संध्याकाळी घरी येताना जिन्यात मधेच बसले ती बसलेच. तिथला दिवा कधीचा गेलाय, आमच्या मजल्याचा म्हणजे तो मीच बदलायचा, पण स्टुलावर चढायचं त्राण नाही. शेजारीण अंधारात माझ्या अंगावर पडता पडता वाचली.

तेव्हा बाबांना तू घेऊन जा. पाहुणे म्हणून नाही, कायमचं राहायला.

आगगाडीत ते बसणार नाहीत. विमानाचं नावही काढू नकोस. चालवणारा डोळ्यांसमोर दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सगळं आयुष्य लांब पल्ल्याची बस चालवण्यात गेलेलं, दुसरं काय होणार. म्हणजे गाडी घेऊन तुम्हालाच यावं लागेल. तीन दिवस यायला, तीन दिवस जायला, आणि तेही पोरांना घेऊन. मी काय मागतेय ते मला कळतंय.

तब्येत म्हणशील तर ठणठणीत. खातात-पितात. पहाटे लवकर उठायची सवय अजून आहे. फिरायला आवडतं. कधी कधी तेच तेच बोलतात, पण या वयात कोण बोलत नाही? त्रास काही नाही, फक्त सोबत लागते.

कधी येताय ते कळव. पत्रानेच कळव.

ताई


१५ ऑक्टोबर

ताईस,

तुझं पत्र वाचून आधी मी रडले, मग आमच्या ह्यांना वाचायला दिलं, मग आमचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मग ठरलं. आम्ही येतोय. महिनाअखेरीस तुझ्या दारात.

ह्यांची रजा हा एक वेगळाच सोहळा होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला साहेब म्हणतो, लोक जिना चढून मरतील आणि तुम्हाला सहल सुचतेय. शेवटी दुसऱ्या एकाच्या दोन रविवारच्या पाळ्या ह्यांनी अंगावर घेतल्या तेव्हा कुठे कागदावर सही झाली. आता रोज संध्याकाळी नकाशा पसरून बसतात. कुठे थांबायचं, कुठे पेट्रोल, कुठे मुक्काम, सगळं लिहिलंय. पोरांना शू कधी लागेल एवढंच त्यात नाहीये, आणि सगळी गाडी त्याच्यावरच चालणार आहे.

पोरांची खोली बाबांसाठी रिकामी केली. पोरांचा पलंग आमच्या खोलीत आणलाय, त्यामुळे दारातून थेट गादीवर उडी मारावी लागते. धाकटा भोपळा यावर खूश आहे. थोरलीला पटलेलं नाही. सहा वर्षांची पोर, पण आम्ही तिला आजीबाई म्हणतो ते उगाच नाही. मला म्हणाली, आजोबा आपल्याकडे येणार, मग मावशीकडे कोण राहणार? मी म्हटलं, मावशीला जरा विश्रांती हवीय. तर म्हणते, विश्रांती एकटीने घेतात का?

आणि ताई, तब्येत खरंच ठणठणीत आहे ना? मी दिवसभर लोकांच्या हातातल्या शिरा शोधून रक्त काढते. ‘मला काही होत नाही हो’ म्हणणारेच खुर्चीवरून खाली येतात. काही असेल तर आत्ताच सांग.

तुझी शेंडेफळ


२ नोव्हेंबर

ताई,

तुझ्या घरून निघून पुरता एक दिवसही झाला नाही आणि आम्ही एका टायरवाल्याच्या दुकानात बसलोय. मागचं चाक बसलं. टायरवाला एकटाच, त्याच्यापुढे आधीच दोन ट्रक. मी एका जुन्या टायरवर बसून लिहितेय, भोपळा दुसऱ्या टायरच्या आत बसलाय आणि बाहेर यायला तयार नाही. सकाळपासून दोनदा उलटी केलीन, एकदा स्वतःच्या अंगावर, एकदा माझ्या. गाडीला जो वास येतोय तो मी कागदावर लिहू शकत नाही. डाव्या बाजूची काच खाली होत नाही, आणि उलटी नेमकी डावीकडेच होते.

तू खाली सोडायला आली नाहीस. गॅलरीतूनच हात केलास. तुझ्या बोटाला ती एवढी मोठी पट्टी कसली, विचारलं तर म्हणालीस, सुई लागली. दोन दिवसांत तू माझ्याशी धड बसून बोललीही नाहीस, सारखी बाबांचे कपडे घडी करत होतीस. असो.

बाबांबद्दल सांगायचंय. पहिल्या थांब्यावर सगळे खाऊन-पिऊन गाडीत बसले. बाबा पुढे, ह्यांच्या शेजारी. ह्यांनी किल्ली फिरवली तर बाबांनी हँडब्रेक धरून ठेवला. मग आरसा स्वतःकडे वळवला, त्यातून मागे बघत दर डोक्याला एकदा डॅशबोर्डवर बोट आपटलं, आणि म्हणाले, “एक सीट कमी आहे. गाडी हलणार नाही.” उतारूला सीट म्हणायची त्यांची ती जुनी सवय. आम्हाला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती. हे बिचारे, सासऱ्यांचा हात कसा बाजूला करायचा म्हणून घामाघूम. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, भोपळा रडतोय.

मला एकदम आई आठवली. ती बाबांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून जायची ना कधी कधी? मी हळूच म्हटलं, बाबा, आई नाहीये आता. तर माझ्यावर खेकसले, ते मला ठाऊक आहे, तू काय शिकवतेस. पण ब्रेक सोडेनात. शेवटी आजीबाई मागून म्हणाली, “आजोबा, ती सीट मागे आडवी झोपलीय, तुम्हाला दिसत नाही. चला, टिंग टिंग.” डबल बेल ऐकली आणि बाबांनी हात काढला. त्यानंतरच्या प्रत्येक थांब्यावर हेच. आता आमची गाडी आजीबाईच्या घंटीवर चालते.

गाडीभर माणसं असताना आईला शोधतायत ग. मला फार वाईट वाटलं. तुझ्याकडेही असं करायचे का?

चाक लागलं वाटतं. इथल्याच पेटीत टाकते.

शेंडेफळ


६ नोव्हेंबर

शेंडेफळास,

टायरवाल्याच्या दुकानातलं पत्र मिळालं. कागदाला वंगण लागलंय आणि एक छोटा हातही उमटलाय. एव्हाना पोचला असाल.

फोन करू नकोस, लागणार नाही. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात आणि मी आत येऊन फोनची वायर काढून ठेवली. मग झोपले. उठले तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, तो अख्खा दिवस बुडाला. दुसऱ्या दिवशी गेले तर मालकांनी माझ्या मशीनवर पडदे रचून ठेवले होते, तेवढंच त्यांचं बोलणं.

ती सीट मोजायची पद्धत तुला आठवायची नाही, तू पाळण्यात होतीस. एकदा कुठल्याशा थांब्यावर एक म्हातारी मागे राहिली आणि कंडक्टरच्या ध्यानातच आलं नाही. बाबांना बऱ्याच पुढे गेल्यावर कळलं. भरलेली बस त्यांनी उलटी फिरवली, लोकांनी शिव्या घातल्या, डेपोत जबाब द्यावा लागला. त्यानंतर कंडक्टरने कितीही शपथा घेतल्या तरी स्वतः आरशात मोजल्याशिवाय त्यांनी गाडी काढली नाही. आणखी एक होतं. संध्याकाळनंतर एकटी बाई उतरणार असली आणि तिच्या स्टॉपवर दिवा नसला तर तिथे गाडी थांबवायचेच नाहीत. पुढे दिवा दिसेल तिथे उतरवायचे, मग ती बाई कितीही ओरडो. तिला घ्यायला आलेला तिचा नवरा मागच्या स्टॉपवर ताटकळत असायचा. आई म्हणायची, तुम्ही बस चालवता की संसार?

आणि हो, आईलाच शोधणार ते. मला काय शोधतायत. नऊ वर्षांत एकदा ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नाही. चहा पुढे केला की म्हणायचे, तुझी आई साखर कमी घालायची. भाजीत मीठ कमी पडलं की आई, जास्त पडलं की आई. घरात मी एक खुर्ची होते, तिच्यावर आई बसायची. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. झोप झाली की माणूस जरा जास्तच बोलतं.

आईचा तुझ्याकडचा तो हिरव्या साडीतला फोटो त्यांच्या खोलीत लाव म्हणजे बरं वाटेल.

ताई


११ नोव्हेंबर

ताई,

फोटो लावलाय. त्याच्याकडे बघतही नाहीत. आता माझं ऐक.

दुसऱ्या मुक्कामाला पहाटे मला जाग आली तर बाबांची खाट रिकामी आणि खोलीचं दार सताड उघडं. हे एका दिशेने पळाले. मी झोपलेला भोपळा खांद्यावर टाकून दुसऱ्या, आणि आजीबाई अनवाणी माझ्या मागे. गावाच्या टोकाला बसस्टँड होता. बाबा तिथे बनियनवर, एका उभ्या बसच्या चाकांना लाथ मारून हवा बघत होते. हातात आमच्या खोलीची किल्ली. तिथला ड्रायव्हर भला माणूस, त्याने त्यांना उपरणं दिलं होतं पांघरायला. मला म्हणाला, बाई, यांना एकटं सोडत जाऊ नका. मी तिथेच फरशीवर बसले.

तर ‘पहाटे लवकर उठायची सवय’ म्हणजे हे होय. ‘फिरायला आवडतं’ म्हणजे हे. ‘तेच तेच बोलतात’ म्हणजे मला दिवसातून चारदा विचारतात, बाई, हा डेपो कुठला? बाई म्हणतात मला. मी विचारलं होतं ना तुला, काही असेल तर आत्ताच सांग म्हणून? त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस. तू मला फसवलंस, ताई. दोन लहान पोरं गाडीत होती.

आणि ते अजून पोचलेलेच नाहीत. आमच्या दारात गाडी उभी करून आता आठवडा झाला. सकाळ झाली की बाबा जाऊन गाडीत बसतात. का, तर ट्रिप पुरी झाली नाही, एक सीट कमी आहे. जेवण गाडीत, चहा गाडीत. अंधार पडला की आम्ही दोघं दोन्ही बाजूंनी धरून घरात आणतो, तेव्हा शेजारी गॅलरीत उभे राहून बघतात. आजीबाईची घंटी आता चालत नाही. म्हणतात, मागे झोपलेली सीट एवढे दिवस झोपेल का? बरोबरच आहे. हे हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बसने कामावर जातात, आणि बसचे ड्रायव्हर आमच्या गाडीत बसलेले असतात. कधी काळी यावर आपण हसू. आज मला हसू येत नाही.

मी दोन दिवस कामावर गेले नाही. काल गेले तर एका माणसाच्या हातात तीनदा सुई टोचली, शीर सापडेना. काल रात्री हे म्हणाले, रविवारी निघू आणि परत सोडून येऊ. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

काय करू ते लिही.


१५ नोव्हेंबर

शेंडेफळास,

होय, लपवलं. खरं लिहिलं असतं तर तू आली असतीस का? डॉक्टरांना विचारते, जागा बघते, पोरांची शाळा बघते म्हणाली असतीस, आणि ते चुकीचंही नसतं. मीही तेच म्हटलं असतं. पण माझ्याकडे तेवढा दम उरला नव्हता.

बोटाचं खरं सांगते. मशीन चालू असताना झोप लागली आणि सुई नखातून आरपार गेली. मला दुखलंही नाही लगेच. मी बोटाकडे बघत बसले आणि मनात काय आलं सांगू? बरं झालं, आता दवाखान्यात बसायला मिळेल, तिथे खुर्च्या असतात. त्या संध्याकाळी तुला पहिलं पत्र लिहिलं. पोरं गाडीत होती हे मात्र तुझं खरं. त्याबद्दल तू मला काहीही म्हण.

पण परत आणू नका. मी दार लावून घेईन अशी धमकी देत नाहीये. तुम्ही आलात तर मी दार उघडेन, त्यांची खुर्ची जागेवर ठेवीन, त्यांची भाजी वेगळी काढीन. तेच तर भय आहे. परत एकदा माझ्याच्याने नाही होणार, आणि मला नाही म्हणता येणार नाही. तेव्हा नाही म्हणायचं काम तू कर.

आता कामाचं. दाराला आतून वर कडी लावा, खाली लावलेली त्यांना सापडते. कडीला एक घुंगरू बांध. चपला रात्री लपवून ठेव, चपलेशिवाय सहसा बाहेर पडत नाहीत. खाकी रंगाचं काही दिसू देऊ नकोस. पहाटे उठलेच तर ‘ड्युटी बदललीय, तुमची दुपारची’ असं म्हण. वाद घालू नकोस. मी पहिली दोन वर्षं वाद घालण्यात घालवली. ‘बाई’ म्हणाले तर ओ दे. एवढ्या सगळ्यावर दिवस निघतो.

गाडीतून कसं उतरवायचं ते मला माहीत नाही. आमच्याकडे गाडी नव्हती.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

घुंगरू बांधलं. ‘ड्युटी दुपारची’ हे तर जादूच आहे, लगेच पांघरूण ओढून झोपतात. हे तू आधी सांगितलं असतंस तर, असं लिहिणार होते. नाही लिहीत. तुझ्या बोटाचं वाचलं आणि ह्यांनी नकाशा परत कपाटात ठेवला. मला नाही, आजीबाईला म्हणाले, आजोबा इथेच राहतील.

पण आज जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगताना भीती वाटतेय.

दुपारी मी बाबांचं ताट घेऊन गाडीशी गेले. आजीबाई मागच्या सीटवर बसून आजोबांशी बोलत होती. तिने सहज विचारलं, “आजोबा, कमी आहे ती कोणती सीट?” ताई, एवढ्या दिवसांत आम्ही कोणी हे विचारलंच नव्हतं. मी माझ्या मनाने आई धरून चालले, तुलाही तेच लिहिलं, तूही तेच मानलंस.

बाबा म्हणाले, “ती मागची. खिडकीशी बसते ती. दिवसभर शिवते बिचारी, दमते. थांब्यावर डोळा लागला असेल तिचा, आणि कोणी उठवलं नाही.”

मी ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. मी विचारलं, कोण ती, बाबा? तर माझ्याकडे असं बघितलं की जणू वेडी मीच आहे. “माझी मोठी,” म्हणाले. “तिला मागे टाकून मी गाडी कशी काढू? ती जेवलेलीही नसेल.”

आणि स्वतःच्या ताटातला अर्धा भाग बाजूला काढून ठेवला, त्याला हात लावला नाही. आजीबाई म्हणते, रोजच ठेवतात. मला वाटायचं, पोट भरलं म्हणून उरतं. मी रोज ते उचलून मोरीत टाकत होते, ताई.

म्हणजे पहिल्या थांब्यापासून तुलाच शोधतायत. मी त्यांना आईचं सांगून वर बोलणी खाल्ली ते बरंच झालं.

तू ये ग. चार दिवस ये. आगगाडीने ये, तिकीट आम्ही काढतो. तू एकदा त्या मागच्या सीटवर बसलीस की ते उतरतील, माझी खात्री आहे. मागू नये ते मागतेय, पण तू आमच्याकडे तीन दिवसांचा प्रवास मागितलास तेव्हा मी आले होते.

शेंडेफळ


२५ नोव्हेंबर

शेंडेफळास,

पत्र दुकानात नेऊन वाचलं. घरी वाचायचा धीर झाला नाही. वाचून मी मालकांच्या देखत रडले, चांगली हुंदके देऊन. त्यांना वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, नाही हो, बाबांनी माझ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, मग रडता कशाला? पण पडद्याचाच एक तुकडा पुढे केला त्यांनी, डोळे पुसायला.

घरी जाऊन बॅग भरली. साड्या, बोटाची औषधं, पोरांसाठी काहीबाही. दाराशी ठेवली. मग त्या बॅगेवरच बसले आणि बराच वेळ उठले नाही. नऊ वर्षं मी त्यांच्यावर मनातल्या मनात जळले, की या माणसाला मी दिसतच नाही. आणि ते मला आरशात मोजत होते. तोंडाने एक शब्द काढला असता तर काय बिघडलं असतं? पण माझ्यासमोर नाहीच निघाला, मी मागे राहिल्यावर निघाला. मला आनंद झाला की राग आला ते अजून कळलेलं नाही. दोन्ही झालं असेल.

बॅग परत रिकामी केली. येत नाही मी. चार दिवस म्हणतेस, पण मी त्या सीटवर बसले की उठणार नाही हे तुलाही माहीत आहे. त्यांची ट्रिप पुरी होईल आणि माझी पुन्हा चालू होईल. उन्हाळ्यात येईन, पाहुणी म्हणून येईन, तुझ्या गादीवर लोळेन आणि तू मला चहा आणून दे.

बाबा गाडी दोनच गोष्टींवर काढायचे. सीट आत असली तर, नाहीतर आपल्या स्टॉपला उतरली असली तर. उतरलेल्या सीटसाठी ते कधी थांबले नाहीत. तेव्हा हे खालचं त्यांना वाचून दाखव. आजीबाईने वाचलं तर आणखी बरं, घंटी तिच्याकडे आहे.

बाबा, मी तुमची मोठी. मी झोपून राहिले नाही, मला कोणी विसरलं नाही. माझा स्टॉप आला म्हणून मी उतरले. जेवले आहे. गाडी जाऊ द्या.

बाकी ठीक. दोन वेळा जेवते, हे खोटं नाही. बोटाची पट्टी निघाली. काल स्टूल घेऊन जिन्यातला दिवा बदलला. शेजारीण म्हणाली, आता तुम्ही दिसता हो.

ताई


३० नोव्हेंबर

ताई,

तू येत नाहीस हे वाचून आधी तुझा राग आला. संध्याकाळी गेला. बरोबर केलंस.

काल उजेड मावळायच्या आत आम्ही सगळे गाडीत बसलो, जसे प्रवासात बसलो होतो तसेच. हे स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, मागे मी आणि पोरं. आजीबाईने तुझ्या ओळी वाचल्या. ती एकेक अक्षर लावून वाचते, त्यामुळे वेळ लागला. बाबा समोर बघत बसले होते. मला वाटलं, ऐकतच नाहीयेत. भोपळा मधे मधे टिंग टिंग करत होता, त्याला मी चापट मारली.

वाचून झालं. मग त्यांनी आरसा वळवला, बोट आपटत आम्हाला मोजलं. आणि मला विचारलं, “उतरली तिथे दिवा आहे का?”

मी म्हटलं, आहे, बाबा. जिन्यातच आहे. परवाच नवीन लावलाय तिने.

“स्वतः लावला?”

हो म्हटलं.

“मग ठीक आहे,” म्हणाले. आजीबाईने डबल बेल दिली. ह्यांनी गाडी चालू करून गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि वळवून परत दारात आणली, एवढीच काय ती ट्रिप. बाबा खाली उतरले, चारही चाकांना लाथ मारून हवा बघितली, आणि कोणीही न धरता घरात आले. खोलीत जाऊन पलंगावर बसले. पूर्ण ताट जेवले. हे ताटाकडे बघत राहिले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

सगळं संपलं असं समजू नकोस. आज पहाटे घुंगरू वाजलंच. मला अजून बाईच म्हणतात. मी दमलेय, तू नऊ वर्षं दमलीस त्याचा अजून एक तुकडाही झालेला नाही, तरी दमलेय. पण सकाळी ते गाडीकडे गेले नाहीत, आणि हे आपली गाडी घेऊन कामावर गेले.

फक्त दिवेलागणीच्या वेळेला माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि विचारलं, तिथला दिवा लागला का? मी म्हटलं, लागला. काल विचारलं ते पुरलं नाही, आज परत विचारलं, उद्याही विचारतील. मी रोज हो म्हणणार आहे. तेव्हा मला खोटं पाडू नकोस, ताई. दुकानातून आलीस की आधी जिन्यातला दिवा लावत जा.

तुझी शेंडेफळ